आपल्या भावाचे राखणदार

उत्पत्तीच्या पुस्तकातील चौथा अध्याय आपल्या परिचयाचा आहे. काइनाने हाबेलाचा घात केल्यावर परमेश्वराने त्याच्याकडे भावाची चौकशी केली. काइनाने उत्तर देण्याऐवजी उलट प्रश्न विचारला. भावाची राखण करण्याची जबाबदारी माझ्यावर कोणी सोपवली, असा त्या प्रश्नाचा रोख होता. या प्रश्नातील उर्मटपणा आपल्या लक्षात राहतो. परंतु आपणही तो प्रश्न अधिक सभ्य शब्दांत दररोज विचारत असतो, हे मात्र आपण विसरतो.

दि. २७ फेब्रुवारी २०१४ रोजी अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बराक ओबामा यांनी व्हाईट हाऊसमध्ये एका राष्ट्रीय उपक्रमाची घोषणा केली. त्याला त्यांनी नाव दिले 'माय ब्रदर्स कीपर', म्हणजेच 'माझ्या भावाचा राखणदार'. काइनाच्या प्रश्नाला होकारार्थी उत्तर द्यावे, हा या नावामागील विचार होता. कृष्णवर्णीय, लॅटिनो, मूळ अमेरिकन आणि इतर श्वेतेतर समाजांतील मुलगे व तरुण यांना आयुष्याच्या वाटेवर सोबत करणारी माणसे मिळावीत आणि त्यासाठी शाळा, चर्च, नगरपालिका, उद्योग व सेवाभावी संस्था यांनी एकत्र यावे, अशी ही योजना होती. या लेखात आम्ही तिची ओळख करून देणार आहोत. त्याचबरोबर तिच्या कितीतरी आधी हेच व्रत घेतलेल्या काही ख्रिस्ती माणसांची व संस्थांचीही ओळख करून देणार आहोत. त्यांच्या अनुभवातून एक साधी. पण कठीण गोष्ट पुढे येते. तरुणाला सावरणारी शक्ती उपदेशात किंवा पैशात फारशी नसते. त्याला सोडून न जाणाऱ्या माणसात ती असते.

हा प्रश्न कोठून उद्भवला?

अमेरिकेत गुलामगिरी १८६५ साली संपली. पण वर्णावर आधारलेल्या विभक्ततेला सार्वजनिक ठिकाणी कायद्याने मूठमाती मिळण्यास १९६४ साल उजाडावे लागले. दरम्यान, १९३० च्या दशकात सरकारी यंत्रणेने शहरांचे नकाशे तयार केले. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या त्यांत लाल रंगाने दाखवल्या गेल्या आणि तेथे घरासाठी कर्ज मिळणे जवळजवळ अशक्य झाले. ज्या देशात मध्यमवर्गाची पुंजी म्हणजे स्वतःचे घर, त्या देशात या कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्या पुंजीच जमवता आली नाही. अनेक ठिकाणी शाळांचा खर्च घरपट्टीवर चालतो. त्यामुळे जेथे घरे स्वस्त तेथे शाळाही गरीब राहिल्या.

त्यात तुरुंगाची भर पडली. १९८६ च्या कायद्यानुसार 'क्रॅक' या अमली पदार्थाच्या ५ ग्रॅम साठ्याला जी किमान पाच वर्षांची शिक्षा होती, तीच शिक्षा कोकेनच्या भुकटीच्या ५०० ग्रॅम साठ्याला होती. क्रॅकच्या खटल्यांत बहुतांश कृष्णवर्णीय तरुण सापडत. ही तफावत २०१० साली कमी करण्यात आली. पण तोवर असंख्य घरांतील बाप तुरुंगात गेले होते. मुलगा वाढत होता आणि त्याच्यासमोर पाहून शिकावे असे कोणी उरले नव्हते. उपक्रमाच्या घोषणेच्या वेळी ओबामांनी स्वतःच्या पितृहीन बालपणाचा मोकळेपणाने उल्लेख केला, त्याचे कारण हेच होते.

परिणाम शाळेच्या बाकावरच दिसू लागतो. २०१३ च्या राष्ट्रीय चाचणीत चौथीतील श्वेतवर्णीय मुलांपैकी ४२ टक्के मुले वाचनात प्रवीण ठरली. कृष्णवर्णीय मुलांमध्ये हे प्रमाण १४ टक्के आणि लॅटिनो मुलांमध्ये १८ टक्के होते. म्हणून या उपक्रमाने जन्मापासून तारुण्यापर्यंतचे सहा टप्पे ठरवले: बालवाडीच्या वयात शाळेची तयारी, तिसरीपर्यंत नीट वाचन, शालान्त शिक्षण, पुढील शिक्षण वा प्रशिक्षण, नोकरी, आणि हिंसेपासून संरक्षण तसेच चुकलेल्याला दुसरी संधी. सुमारे २५० शहरे, परगणे आणि मूळ अमेरिकन जमातींच्या वसाहतींनी हे आव्हान स्वीकारले. २०१७ च्या अखेरीस हे कार्य ओबामा प्रतिष्ठानाच्या अंतर्गत आले.

येथे एक गोष्ट नमूद करायला हवी. १९८५ ते १९८८ या काळात तरुण ओबामा शिकागोच्या दक्षिण भागात लोकसंघटनेचे काम करीत होते. त्या कामाला अमेरिकन बिशपांच्या मानवविकास मोहिमेचे अर्थसाहाय्य होते आणि त्यांचे कार्यालय होली रोझरी या कॅथलिक धर्मग्रामात होते. परिसरातील धर्मग्रामांना एकत्र बांधून प्रश्न सोडवण्याचा पहिला धडा त्यांनी तेथे गिरवला.

एका धर्मगुरूने केलेली राखण

मात्र आपल्या ख्रिस्तसभेने या बाबतीत केवळ अभिमान मिरवावा, अशी स्थिती नाही. १८३८ साली मेरीलँडच्या येशूसंघीयांनी २७२ गुलाम स्त्री-पुरुष-मुलांची विक्री केली आणि त्या पैशाचा काही भाग जॉर्जटाउन येथील महाविद्यालयाचे कर्ज फेडण्यासाठी वापरला, हा इतिहास आहे. त्याच काळोखात एक दिवाही आहे.

ऑगस्टस टोल्टन यांचा जन्म १८५४ साली मिझुरी राज्यात एका कॅथलिक गुलाम कुटुंबात झाला. आई मुलांना घेऊन मिसिसिपी नदी ओलांडून इलिनॉय राज्यातील क्विन्सी गावी पळून आली. मुलगा तंबाखूच्या कारखान्यात राबू लागला. एका धर्मग्रामाच्या शाळेत त्याला घातले, तर इतर पालकांच्या विरोधामुळे ती शाळा सोडावी लागली. तेव्हा फादर पीटर मगिर या आयरिश धर्मगुरूने त्याला आपल्या सेंट पीटर शाळेत घेतले. त्यांच्याही धर्मग्रामस्थांनी कुरकुर केली. पण फादर मागे हटले नाहीत. पुढे या मुलाला धर्मगुरू व्हायचे आहे हे कळल्यावर त्यांनी सेमिनऱ्यांची दारे ठोठावली. अमेरिकेतील एकही सेमिनरी एका कृष्णवर्णीय तरुणाला घ्यायला तयार झाली नाही. वर्षे गेली. फादर मगिर आणि गावातील फ्रान्सिस्कन धर्मगुरू त्याला शिकवीत राहिले. अखेर १८८० साली टोल्टन रोमला गेले आणि २४ एप्रिल १८८६ रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली. १८९७ साली शिकागोच्या उन्हाळ्यात उष्माघाताने त्यांचे निधन झाले, तेव्हा ते अवघे त्रेचाळीस वर्षांचे होते. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना 'पूजनीय' घोषित केले.

आपण टोल्टन यांच्या मध्यस्थीची याचना करतो, ते योग्यच आहे. पण फादर मगिर यांनी पहिल्या वर्षीच्या कुरकुरीला घाबरून माघार घेतली असती, तर? मुलाला शाळेत घेण्यास एक दिवस पुरला. त्याच्या पाठीशी उभे राहण्यास मात्र कित्येक वर्षे लागली.

न्यूअर्कचे मठवासी

न्यू जर्सी राज्यातील न्यूअर्क शहरात संत बेनेडिक्ट यांच्या संघाच्या मठवासींनी १८६८ साली मुलांची शाळा सुरू केली. आयरिश व जर्मन स्थलांतरितांची मुले तेथे शिकून मोठी झाली. जुलै १९६७ मध्ये शहरात वांशिक दंगल उसळली. २६ जणांचे प्राण गेले. त्यानंतर श्वेतवर्णीय कुटुंबांचा उपनगरांकडील ओघ आणखी वाढला. पटसंख्या घटली, पैसा आटला आणि मठातही मतभेद झाले. १९७२ साली शाळा बंद पडली व अनेक मठवासी दुसरीकडे गेले.

जे मागे राहिले, त्यांच्यापुढे एक प्रश्न होता. बेनेडिक्टी संघाचा मठवासी स्थैर्याचे व्रत घेतो. ज्या मठात तो प्रवेश करतो, तेथेच आयुष्य घालवण्याचे वचन देतो. शेजारी बदलले म्हणून हे वचन संपते काय? त्यांनी ठरवले की संपत नाही. जुलै १९७३ मध्ये शाळा पुन्हा उघडली, ती आता दारात राहणाऱ्या कृष्णवर्णीय व लॅटिनो मुलांसाठी. मुख्याध्यापक झाले फादर एडविन लेही. ते याच शाळेचे माजी विद्यार्थी. वय अजून तिशीच्या आतले. पुढील अर्धशतक त्यांनी ती धुरा वाहिली.

या शाळेची रीत समजून घेण्यासारखी आहे. शाळेचा दैनंदिन कारभार बराचसा विद्यार्थीच पाहतात. निरनिराळ्या इयत्तांतील मुलांचे गट केलेले असतात आणि प्रत्येक गटाचा एक ज्येष्ठ विद्यार्थी नायक असतो. सकाळी सारी शाळा एकत्र जमते, प्रार्थना होते, हजेरी होते. एखादा मुलगा आला नाही, तर तो का आला नाही याचा शोध त्याच्या गटातील मुलांनी घ्यायचा असतो. पहिल्या वर्षाच्या अखेरीस मुले ॲपलेशियन डोंगररांगांतून सुमारे ५५ मैलांची पायपीट करतात. ज्याने शहराबाहेरचे रान कधी पाहिले नाही, असा मुलगा पाठीवर ओझे घेऊन चालतो आणि मागे पडलेल्यासाठी थांबायला शिकतो. ज्यांचे घर सुरक्षित नाही, अशा मुलांसाठी शाळेच्या आवारातच वसतिगृह आहे. माझ्या भावाला जे दुखावते ते मलाही दुखावते, असे या शाळेचे ब्रीद होते. २०२० साली तेथे मुलींनाही प्रवेश मिळाला आणि त्या ब्रीदात भावासोबत बहीणही आली.

येथे 'पाठीराखा' हा कोणी बाहेरून येणारा थोर माणूस नाही. सतरा वर्षांचा मुलगा चौदा वर्षांच्या मुलाचा राखणदार होतो. ज्याची राखण झाली, तोच पुढे राखण करतो.

बॉस्टनच्या रस्त्यांवर

एक शाळा आपल्या आवारापुरते करू शकते. संपूर्ण शहराचे काय? मे १९९२ मध्ये बॉस्टन शहरातील एका बॅप्टिस्ट चर्चमध्ये एका तरुणाची अंत्यविधीची उपासना चालू असताना टोळीतील तरुण आत शिरले आणि त्यांनी उपस्थितांपैकी एकाला भोसकले. आम्ही चर्चमध्ये थांबून राहिलो, म्हणून रस्ता चर्चच्या आत आला, असा बोध तेथील कृष्णवर्णीय पाळकांनी त्यातून घेतला. त्यांनी 'टेन पॉइंट कोअलिशन' ही आघाडी उभारली. शुक्रवारी रात्री ते वस्त्यांतून पायी फिरू लागले. सुरुवातीला ते फारसे बोलत नसत, ऐकत. मुलांनी त्यांची परीक्षा पाहिली. हे लोक पुढच्या आठवड्यात येतात की नाही, हे पाहिले. ते येत राहिले.

हळूहळू पोलीस, न्यायालयाचे परिवीक्षा अधिकारी, महापालिकेचे वस्तीकार्यकर्ते आणि पाळक एका टेबलाभोवती बसू लागले. टोळ्यांना दोन गोष्टी एकदमच सांगितल्या जात: गोळीबार सहन केला जाणार नाही, आणि ज्याला बाहेर पडायचे आहे त्याला आम्ही शिक्षण, काम व आधार मिळवून देऊ. १९९० साली बॉस्टनमध्ये १५२ खून झाले होते. १९९९ साली ३१ झाले. याचे किती श्रेय कोणाला द्यावे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण २००० नंतर ही एकजूट विस्कटली आणि खुनांची संख्या पुन्हा वाढली, हेही विसरून चालणार नाही.

एक चेंडू आणि तीस सेकंद

शिकागोमध्ये 'यूथ गायडन्स' या संस्थेने २००१ च्या सुमारास 'बिकमिंग अ मॅन' हा कार्यक्रम सुरू केला. शाळेच्या वेळेत आठवड्यातून एकदा मुले एका समुपदेशकाबरोबर वर्तुळात बसतात. एका खेळात दोन-दोन मुलांच्या जोड्या करतात. एकाच्या मुठीत चेंडू दिला जातो. दुसऱ्याने तो तीस सेकंदांत मिळवायचा. बहुतेक जोड्या लगेच झोंबाझोंबीवर येतात. वेळ संपल्यावर समुपदेशक शांतपणे विचारतात, 'चेंडू दे, असे कोणी नुसते मागून पाहिले का?' मुले अवाक होतात. मागितला असता तर दिलाही असता, असे बरेच जण कबूल करतात. जेथे रस्त्यावर मऊपणा म्हणजे धोका, तेथे वाढलेल्या मुलाचा हात आधी उठतो, विचार नंतर येतो. थांबणे हेही पौरुषच आहे, हे त्याला कोणीतरी दाखवावे लागते.

शिकागो विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी या कार्यक्रमाची कसोशीने तपासणी केली. चिठ्ठ्या टाकून निवडावे त्याप्रमाणे मुलांचे दोन गट पाडण्यात आले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, कार्यक्रम चालू असताना त्यातील मुलांना हिंसक गुन्ह्यांसाठी होणारी अटक ४५ ते ५० टक्क्यांनी घटली. शाळा पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाणही वाढले. मात्र अटकांवरील हा परिणाम कार्यक्रम संपल्यानंतर टिकल्याचे आढळले नाही. वर्तुळ मोडले की जुनी वाट पुन्हा हाक मारते. याच कार्यक्रमातील मुलांना ओबामा भेटले होते आणि २०१४ च्या घोषणेच्या वेळी ती मुले त्यांच्यासोबत उभी होती.

अर्धवट हात सोडण्याचे पाप

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. १९०४ साली न्यूयॉर्कच्या बालन्यायालयातील एका अधिकाऱ्याच्या आवाहनातून 'बिग ब्रदर्स' ही चळवळ उगम पावली. एका प्रौढाने एकाच मुलाचा मोठा भाऊ व्हावे, इतकीच तिची कल्पना. १९९५ साली या कार्याची एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. १० ते १६ वयोगटातील ९५९ मुला-मुलींचा तीत समावेश होता. ज्यांना असा मोठा भाऊ वा बहीण लाभली, त्यांच्यात अमली पदार्थांकडे प्रथमच वळण्याचे प्रमाण ४६ टक्क्यांनी कमी आढळले आणि शाळा बुडवण्याचे प्रमाणही निम्म्यावर आले. ही नाती जोडणारे कोणी तज्ज्ञ नव्हते. ते महिन्यातून काही वेळा भेटत, बरोबर फिरत, गप्पा मारत.

परंतु त्याच माहितीचा पुन्हा अभ्यास करून २००२ साली दोन संशोधकांनी एक गंभीर इशारा दिला. जे नाते वर्षभर किंवा अधिक टिकले, त्यातून सर्वाधिक लाभ झाला. जे नाते तीन महिन्यांच्या आतच तुटले, त्यातील मुलांचा आत्मसन्मान पूर्वीपेक्षाही खालावला. ज्या मुलाला वडील सोडून गेले, त्याला आणखी एक माणूस सोडून गेला. आपल्यातच काही उणे असले पाहिजे, असा निष्कर्ष त्याने काढला. म्हणजे उत्साहाच्या भरात हात धरून नंतर सोडून देणे हे काही न करण्यापेक्षाही वाईट ठरू शकते.

हे वाचताना आम्हांला आमचीच आठवण झाली आणि मान खाली गेली. युवकांसाठी एक दिवसाची शिबिरे आम्ही अनेक घेतली. फलक लावले, प्रमुख पाहुणे बोलावले, प्रमाणपत्रे वाटली, छायाचित्रे छापली. पुढच्या रविवारी त्यांतील कोणता मुलगा मिस्साला आला नाही आणि का आला नाही, हे आम्ही विचारले नाही.

दोन रास्त आक्षेप

'माय ब्रदर्स कीपर'वर टीकाही झाली. जून २०१४ मध्ये हजाराहून अधिक श्वेतेतर स्त्रियांनी खुल्या पत्राद्वारे विचारले की याच वस्त्यांत, याच दारिद्र्यात वाढणाऱ्या मुलींना का वगळले? दुसरा आक्षेप असा की, मुलांना सुधारण्याच्या नादात त्यांना खाली दाबणारी व्यवस्था मात्र तशीच राहते. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. न्यूअर्कच्या शाळेने मुलींना आत घेतले, फादर मगिर यांनी टोल्टनला शिकवताना शाळेचे दारही उघडून घेतले. अमेरिकन बिशपांनी १९७९ व २०१८ च्या आपल्या पत्रांतून वंशभेदाला पाप म्हटले आहे. मुलाचा हात धरणे आणि त्याच्या वाटेतील धोंडा हलवणे, ही दोन कामे वेगळी करता येत नाहीत.

आपल्यासाठी बोध

अमेरिकेतील हा प्रश्न आपल्याला परका नाही. १८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ लिहिला, तेव्हा तो अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या गुलामगिरीविरुद्ध झटलेल्या सज्जनांना अर्पण केला. मराठी मनाने हे नाते दीडशे वर्षांपूर्वीच ओळखले होते.

शिवाय पाठीराखा ही कल्पना ख्रिस्तसभेला कोणी नव्याने शिकवण्याची गरज नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता व धर्ममाता मुलाच्या श्रद्धेची जबाबदारी स्वीकारतात; दृढीकरणाच्या वेळीही कोणीतरी त्या तरुणाच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहतो. दुर्दैवाने आपण या नात्याचे भेटवस्तू आणि जेवणावळ यांत रूपांतर केले आहे. आपला धर्मपुत्र सध्या कोणत्या इयत्तेत आहे, त्याने शिक्षण का सोडले, संध्याकाळी तो कोणाबरोबर असतो, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

नवी समिती नेमावी, असे आम्ही सुचवत नाही. प्रत्येक वाचकाने आपल्या एका धर्मपुत्राचे वा धर्मकन्येचे नाव आठवावे. ते नसल्यास शेजारचा एक मुलगा मनात धरावा, त्याच्या आईवडिलांशी बोलावे, आणि त्यांच्या संमतीने व सर्वांच्या नजरेसमोर त्याच्याशी मैत्री जोडावी. वर्षभर निभावता येईल एवढेच वचन द्यावे. निभावता येणार नसेल तर देऊ नये. धर्मग्रामांनीही शाळा, सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्था आणि इतर धर्मीय शेजारी यांना सोबत घ्यावे. कारण एकट्या माणसाचा हात कधीतरी थकतो.

काइनाने प्रश्न विचारला, तेव्हा त्याचा भाऊ जिवंत नव्हता. आपले भाऊ अजून जिवंत आहेत. आज संध्याकाळी ते कोपऱ्यावर उभे असतील. त्यांना नावाने हाक मारावी, आणि उद्याही मारावी.